मोरी, संडास आणि करंगळी: साडेसहा वर्षांच्या एका मुलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षिका आहे. म्हणजे विशेष गरजा असलेली जी मुलं साध्या जिल्हा परिषद शाळेत शिकतात त्यांच्या शाळेत जायचं, घरी जायचं, बाईंना गुरुजींना मदत करायची आणि आईवडलांशी बोलत राहायचं. सांगलीकडचा भाग आहे एवढंच सांगते. हे प्रकरण अशाच एका मुलाचा डायपर सोडवून त्याला शू-शी जागच्या जागी करायला शिकवण्याचं आहे. मुलाचं नाव बदललंय, घरातल्या एकदोन गोष्टी मुद्दाम फिरवल्यात, आणि लिहिलेलं सगळं त्याच्या आईला वाचून दाखवलंय.

त्याला अर्णव म्हणू. साडेसहा वर्षांचा, पहिलीत नुकताच दाखल झालेला. ऑटिझमचं निदान साडेतीन वर्षांचा असताना झालं. बोलण्यात दहा-बारा शब्द, पाणी, दे, गाई, भू असे, आणि ते पण रोज येतील असं नाही. काही हवं असलं की आपला हात धरून तिथं घेऊन जातो. स्नायू जरा सैल, चालताना बऱ्याचदा चवड्यांवर. बाटल्यांची झाकणं फिरवायला त्याला प्रचंड आवडतं, एक झाकण घेऊन अर्धा तास रमतो.

घरात आई, वडील, आज्जी आणि दोन वर्षांची धाकटी बहीण. वडील साखर कारखान्यात, त्यामुळं हंगाम सुरू झाला की पाळ्या. आई घरी ब्लाउज शिवते. घराची रचना इथं महत्त्वाची आहे म्हणून सांगते. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी, तिथंच अंघोळ, तिथंच भांडी, आणि लहान मुलांची शू पण तिथंच. संडास मागं परसात, पंधरा-वीस पावलांवर, पत्र्याचं दार, आत देशी भांडं आणि एक मिणमिणता बल्ब. आपल्याकडं बऱ्याच घरांत असंच असतं आणि आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही, पण ज्या मुलाला एक गोष्ट एकाच जागी कळते त्याच्यासाठी शूची जागा वेगळी आणि शीची जागा वेगळी हे दोन वेगळे धडे असतात, हे मला या घरात नीट उमगलं.

अडचण काय होती

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा अर्णव दिवसरात्र डायपरमध्ये होता. शाळेनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं की आईनं सोबत बसावं नाहीतर मुलाला तासाभरानं घरी न्यावं. मुख्याध्यापक वाईट माणूस नाहीत, दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, ते तरी काय करणार. पण डायपर आहे म्हणून मुलाला घरी पाठवणं हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही बसत नाही आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही नाही, ते मी त्यांना शांतपणे सांगितलं, आणि सोबत हेही सांगितलं की कायदा दाखवून निघून जाणार नाही, उपाय होईपर्यंत येत राहीन.

घरची स्थिती अशी की आई थकलेली. डायपरचा खर्च महिन्याच्या किराण्याच्या जवळ गेलेला, मोठ्या मापाचे तालुक्याला पण मिळत नव्हते, ऑनलाइन मागवायचे. त्यात धाकटी आता स्वतःहून "आई शू" म्हणायला लागलेली, आणि येणारा जाणारा प्रत्येक पाहुणा तेच बोलून दाखवायचा. आज्जीचं म्हणणं, "आमच्या टायमाला पोरगं वर्साच्या आत मोरीत बसायचं, पायावर घिऊन शूऽऽ केलं की झालं. ह्या डायपरनीच वाट लावली." वडलांचं म्हणणं की तो मुद्दाम करतो, कारण संडासाकडं नेलं की किंचाळतो आणि परत आणला की पाच मिनिटांत कपाटामागं उभा राहून डायपरमध्ये करतो. म्हणजे कळतं सगळं, हट्ट करतो.

वडलांच्या वाक्यात अर्धं खरं होतं. कळत होतं. कपाटामागं लपणारा मुलगा आपल्याला शी येतेय हे ओळखतो, ती थोडा वेळ धरतो आणि एकांत शोधतो, आणि यातली प्रत्येक गोष्ट खरं तर तयारीची खूण आहे. हट्ट हा शब्द मात्र चुकीचा होता आणि तो चुकीचा आहे हे मला पण दोन महिन्यांनी कळलं.

पहिला प्रयत्न, जो फसला

हा भाग लिहायला अवघड जातंय पण तो गाळला तर लिहिण्याला अर्थ नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी आईला सांगितलं की डायपर बंद करा, दर अर्ध्या तासाला मोरीत न्या, झालं की कौतुक करा. सोबत एक चित्रतक्ता दिला, इंटरनेटवरून छापून लॅमिनेट केलेला. त्यात मुलगा कमोडवर बसतो, टिश्यू पेपरनं पुसतो, फ्लश करतो, बेसिनमध्ये हात धुतो. या घरात यातलं एकही नव्हतं. अर्णवनं तो तक्ता बघितला, त्याची कड दातानं चावली आणि ठेवून दिला. त्याच्या दृष्टीनं त्या चित्रांचा आणि मोरीचा काही संबंधच नव्हता, आणि त्याचं बरोबरच होतं.

चार दिवसांत अठ्ठावीस चड्ड्या ओल्या. पाऊस एवढा की काही वाळेना, चुलीवर कपडे टांगायची वेळ आली. पाचव्या दिवशी मी गेले तर आई बोलताबोलता रडायला लागली, म्हणाली मॅडम, काल मी त्याला मारलं. तो त्या दिवसापासून मोरीकडं अंघोळीला पण जायला तयार नव्हता. म्हणजे जी जागा त्याला आवडायची, पाण्यात खेळायची, ती पण आम्ही बिघडवली.

मी तिथंच सांगितलं की डायपर परत घाला, चूक माझी आहे, तुमची नाही. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. बरेच जण म्हणतात एकदा काढला की परत घालायचा नाही, मूल गोंधळतं. पण ज्या घरात आई कोसळलीय आणि मूल घाबरलंय तिथं पुढं रेटण्यात काही मिळत नाही.

पोटाचं कळलं तेव्हा

दोन आठवडे काहीच शिकवलं नाही, फक्त लिहून ठेवलं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला आईनं तक्ता आखला, सकाळी आठ ते रात्री आठ, दर अर्ध्या तासाला डायपर बघायचा, कोरडा का ओला, काय प्यायला, शी झाली का, कशी झाली. आताचे डायपर एवढं शोषून घेतात की हात लावून कळत नाही, म्हणून आत जुन्या सुती साडीची घडी ठेवायची, ती ओली झाली की लगेच दिसतं.

चौदा दिवसांत शी नीट अशी चारदाच झालेली. ती पण मोठी, कडक, गोळ्यागोळ्यांची. आणि मधल्या दिवसांत डायपरला थोडी थोडी पातळ शी लागलेली. आई ते जुलाब समजून केळं आणि साबुदाणा देत होती. शू पण थोडी थोडी सारखी, कोरडा वेळ कधी वीस मिनिटं, कधी सव्वा तास.

हे बघितल्यावर मला माझाच राग आला, कारण मी पहिल्या भेटीत शीबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. कडक मळ साचून राहिला की त्याच्या कडेनं पातळ मळ झिरपतो, बाहेरून जुलाब दिसतात पण आत बद्धकोष्ठ असतं. साचलेला मळ मूत्राशयावर दाबतो त्यामुळं शू पण टिकत नाही. आणि दुखतं म्हणून मूल धरून ठेवतं, धरलं की अजून कडक होतं, मग अजून दुखतं. चवड्यांवर उभं राहणं, पाय आवळणं, कपाटामागं लाल होईपर्यंत ताठ उभं राहणं, हे जोर काढण्यासाठी नसून आत धरून ठेवण्यासाठी होतं. ऑटिझम असलेल्या मुलांत बद्धकोष्ठ खूप दिसतं, खाणं मोजकंच असतं हे त्यातलं एक कारण. अर्णव दूध दिवसाला चार ग्लास, बिस्किटं, पांढरा भात, बस.

इथला निर्णय सोपा होता. आधी डॉक्टर, मग शिकवणं. तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांनी पोट दाबून बघितलं, डाव्या बाजूला खाली गोळा हाताला लागत होता, त्यांनी वडलांचा हात धरून तिथं ठेवला. लघवी तपासली, जंतुसंसर्ग नव्हता. मग पाण्यात विरघळणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर सुरू केली, आधी साचलेलं मोकळं करायला जास्त आणि नंतर रोजची कमी. डोस वजनावर आणि तपासणीवर ठरतो म्हणून तो इथं लिहीत नाही. त्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली की हे काही महिने चालणार, पोट साफ झालं म्हणून लगेच बंद करायचं नाही, ताणलेलं आतडं परत आकाराला यायला वेळ लागतो. दूध दोन ग्लासांवर आणायला सांगितलं. भाज्या त्यानं घेतल्या नाहीत, चिक्कू घेतला, तेवढंही चाललं.

दवाखान्यातून येताना वडील गप्प होते. घरी आल्यावर आईला म्हणाले, दुखत होतं त्याला. त्या दिवसानंतर हट्ट हा शब्द त्या घरात मी ऐकला नाही.

कोणत्या वाटा होत्या

सप्टेंबरमध्ये पोट बरंच मोकळं झाल्यावर परत बसलो, आई, वडील, आज्जी आणि मी, मशीनपाशी चहा घेत.

एक वाट होती अजून थांबायची, आठ वर्षांचा होईपर्यंत. यात कुणाला त्रास नव्हता पण शाळा सुटली असती, आणि खुणा तर तयारीच्या दिसत होत्या, म्हणून ती सोडली.

दुसरी वाट वडलांनी मोबाईलवर बघितलेली, तीन दिवसांत डायपर बंद. या झटपट पद्धतींचं मूळ अझ्रिन आणि फॉक्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या १९७१ च्या कामात आहे. त्यांनी ते संस्थेत राहणाऱ्या बौद्धिक दिव्यांग प्रौढांबरोबर केलं होतं. भरपूर पाणी पाजायचं, तासातला बराच वेळ संडासावर बसवून ठेवायचं, ओलं झालं की वाजणारं यंत्र, आणि चुकलं की त्यालाच पुसायला आणि धुवायला लावायचं. वेळ ठरवून बसवणं आणि झाल्याझाल्या लगेच शाबासकी हे त्यातलं आजही उपयोगी आहे, पण शिक्षेचा भाग मला मान्य नाही, आणि जुलैमधला मार त्याच्या लक्षात होता. ती पण सोडली.

तिसरी वाट आज्जीची, पायावर बसवून शूऽऽ आवाज काढायचा. साडेसहा वर्षांचं मूल पायावर कसं बसणार, पण आवाज मात्र आम्ही घेतला. तान्हा असताना आज्जीनं त्याला तसं केलेलं होतंच. आवाज आला की शू सुटते ही जोडणी कुठंतरी शिल्लक असेल असं मला वाटलं. आज्जीला मी म्हटलं हे काम तुमचं. त्यांचा चेहरा बघायला हवा होता.

शेवटी ठरलं ते असं की शू आणि शी वेगळी करायची. शूसाठी दिवसा डायपर काढायचा, शीसाठी तो मागेल तेव्हा डायपर द्यायचा. यावर सगळ्यात जास्त वाद झाला. वडील म्हणाले, म्हणजे आपण मागं चाललो. मी म्हटलं शी धरून ठेवली तर दवाखान्यापासून परत सुरू होईल, आता त्याला फक्त एवढंच कळू दे की शी बाहेर सोडली तर दुखत नाही, कुठं सोडली ते नंतर बघू. पुढं जे जमलं त्याचं बरंचसं श्रेय मी या एका निर्णयाला देते.

काय केलं, शूचं

आधी शब्द. आज्जी मुतायला म्हणायच्या, आई शू, वडील एक नंबर, आणि शाळेत मुलं "बाई, एकीला जाऊ?" म्हणून करंगळी वर करतात. एकाच गोष्टीला चार नावं. ज्याला दहा शब्द येतात त्याच्यावर हा अन्यायच आहे. ठरलं, सगळ्यांनी शू म्हणायचं आणि म्हणताना करंगळी दाखवायची. करंगळी मी मुद्दाम निवडली, कारण महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत, एसटीत, लग्नात, अनोळखी माणसाला पण ती समजते, वेगळं कार्ड गळ्यात अडकवून फिरायला नको. पण नक्कल करणं अर्णवला अवघड, म्हणून सुरुवातीला मोरीचा फोटो, त्यांच्याच मोरीचा, त्याच निळ्या बादलीसकट, स्वयंपाकघराच्या दाराला त्याच्या उंचीवर चिकटवला.

वेळापत्रक तक्त्यावरून काढलं. पोट साफ झाल्यावर कोरडा वेळ सव्वा ते दीड तासावर स्थिर झाला होता (हे बघून मला फार बरं वाटलं), म्हणून दर सव्वा तासाला मोरी, शिवाय झोपेतून उठल्यावर आणि जेवणानंतर. मोरीत तीन मिनिटांच्या वर नाही. एकदा वडलांनी बसून राहावा म्हणून मोबाईल दिला तर तो पंचवीस मिनिटं बसला, शू केलीच नाही, आणि उठवल्यावर आकांत. मोबाईल बंद. त्याऐवजी एक चकचकीत पिवळं झाकण, जे फक्त मोरीत शू झाल्यावर मिळायचं, दोन मिनिटं, मग परत वरच्या फळीवर. ते झाकण घरात दुसरीकडं कुठंही दिसायचं नाही. बक्षीस दिवसभर हातात असेल तर ते बक्षीस राहत नाही.

चड्डीत झाली तर ओरडायचं नाही, लांबलचक समजावायचं पण नाही. "शू मोरीत" एवढंच, मोरीत न्यायचं, कपडे बदलायचे, संपलं.

पहिली शू मोरीत झाली ती सातव्या दिवशी, आज्जी शेजारी पाटावर बसून शूऽऽ करत असताना. आज्जींनी एवढ्या जोरात आनंद केला की तो दचकला आणि उरलेली थांबली. नंतर ठरलं आनंद हळू आवाजात करायचा. मोठा आवाज त्याला सहन होत नाही हे आम्हाला माहीत होतं, त्या क्षणी कुणाला आठवलं नाही एवढंच.

काय केलं, शीचं

परसातला संडास हा त्याच्यासाठी भीतीचा गठ्ठा होता. पत्र्याचं दार दाणकन वाजायचं, आत अंधार, फिनेलचा वास, आणि पायाखाली मोठं भोक. एकेक गोष्ट काढली. दाराच्या चौकटीला जुन्या टायरची रबरी पट्टी, मोठा एलईडी बल्ब, फिनेल सकाळी आज्जी घालायच्या ते रात्री उशिरा घालायला लागल्या. भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची मेडिकलमध्ये मिळाली पण ती मोठ्या माणसाच्या मापाची, मूल आतच जाईल, म्हणून वर लहान मुलांची सीट घट्ट बांधली आणि वेल्डिंगवाल्याकडून खुर्चीचे पाय कापून घेतले. पायाखाली पाट. पाय लोंबकळत असले तर जोर लावता येत नाही, पाय टेकलेले आणि गुडघे कमरेपेक्षा किंचित वर असले तर मळ उतरायला सोपं जातं. उकिडवं बसण्यात हेच आपोआप होतं, पण त्याच्या सैल स्नायूंना उकिडवं धरून बसणं दोन मिनिटं पण जमत नव्हतं.

मग जागा सरकवली, इंचाइंचानं. डायपर घालून कपाटामागं करायचा ते आधी मागच्या दारात, मग परसात संडासाच्या बाहेर, मग आत उभं राहून दार उघडं ठेवून, मग डायपर घालूनच खुर्चीवर बसून. प्रत्येक पायरीला किमान तीनदा निवांत झाल्याशिवाय पुढं नाही. शेवटी डायपरला खाली भोक पाडलं, छोटं, मग मोठं, मग डायपर नुसता कमरेला. हे वाचायला विचित्र वाटेल, पण त्याला अंगावर डायपरचा स्पर्श हवा होता आणि तो असताना शी खाली पडली तरी चालत होतं. वेळ रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटांनी, कारण जेवल्यावर आतड्याची हालचाल वाढते, तेव्हा बसवलं तर अर्धं काम शरीरच करतं.

धुणं हा वेगळा धडा. बाहेरच्या देशांत तयार झालेल्या साहित्यात कागदानं पुसायचं शिकवतात, आपल्याला मग आणि डावा हात. उजव्यानं पाणी ओतायचं आणि डाव्यानं धुवायचं, दोन हातांची दोन वेगळी कामं, ती पण पाठीमागं, न बघता. ते आम्ही उलट्या क्रमानं शिकवतोय, म्हणजे सगळं आई करते आणि शेवटचा एक मग तो ओततो, ते जमलं की शेवटचे दोन, असं. अजून चालू आहे.

शाळेत

शाळेत फक्त शू, शी नाही, हे मी आधीच कबूल करून घेतलं. शाळेत देशी भांडं होतं आणि स्वच्छतागृहाला कुलूप, किल्ली ऑफिसात. मूल करंगळी दाखवणार आणि आपण किल्ली शोधणार, तोवर चड्डी ओली. किल्ली वर्गात खिळ्याला आली, ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट. पँट हूक आणि चेनची होती, आईनं त्याच रंगाच्या कापडाची इलॅस्टिकवाली शिवली. न्यायला खिचडी शिजवणाऱ्या ताई तयार झाल्या. कपडे काढायला कोण मदत करणार ही नावं आम्ही लिहून ठरवली, घरी आई आणि आज्जी, शाळेत त्या ताई आणि वर्गाच्या बाई, बस, आणि दार पूर्ण लावायचं नाही. न बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे मोघम ठेवून चालत नाही.

बाईंनी वर्गातल्या मुलांना सांगितलं की अर्णव शिकतोय, तुम्ही पण कधीतरी शिकलात. मुलांनी ते मोठ्या माणसांपेक्षा लवकर स्वीकारलं.

मधे दोनदा घसरलं

दिवाळीत सगळे मामाकडं गेले. तिथं फ्लॅट, मोरी नाही, एकच टॉयलेट, कमोड, फ्लशचा आवाज. त्या चार दिवसांत अर्णव शू बराच वेळ धरून ठेवायचा, शेवटी गादीवर केली, पाहुण्यांसमोर. आई मला फोनवर म्हणाली सगळं गेलं. गेलं नव्हतं, घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी परत मोरीत. त्याला मोरीत येत होतं, शू कुठंही असेल तिथं योग्य जागी करायची हे येत नव्हतं, आणि ते मी शिकवलंच नव्हतं.

दुसरं घसरणं मोठं. डिसेंबरमध्ये पोट छान चाललं होतं म्हणून पावडर बंद केली घरच्यांनी, मला न सांगता. आज्जी म्हणाल्या, "पोराला सवय लागंल औषधाची." अडीच आठवड्यांत गोळा परत, डाग परत, संडासाच्या दारात उभं राहून किंचाळणं परत. डॉक्टरांकडं गेलो, त्यांनी न रागावता परत सुरुवातीपासून सांगितलं, की हे औषध मळात पाणी धरून ठेवतं, आतड्याला आळशी करत नाही, आणि बंद करायचं तेव्हा हळूहळू कमी करत. या वेळी आज्जी सोबत होत्या. मी पहिल्या वेळी आज्जींना न्यायला हवं होतं, घरात औषध कोण देतं आणि कोण थांबवतं हे मला माहीत असूनही मी फक्त आईवडलांना नेलं.

जानेवारी पूर्ण परत डायपरवाल्या पायऱ्या चढण्यात गेला, फक्त या वेळी दुप्पट वेगानं.

आता कुठं आहे

मार्चअखेरचं सांगते. दिवसा घरी डायपर नाही. शू मोरीत, आठवड्यातून एकदोनदा चुकते, बहुतेक झाकणाच्या खेळात रमला की. शाळेत पूर्ण वेळ बसतो, आई सोबत नसते. शी आठवड्यातून पाच दिवस खुर्चीवर, डायपरशिवाय, पण दार अर्धं उघडं लागतं आणि आई दिसावी लागते. रात्री डायपर आहे. रात्रीचा कोरडेपणा शिकवून येत नाही, तो शरीर तयार झालं की येतो, त्यामुळं त्याच्यामागं लागलो नाही. पावडर चालू आहे, कमी डोसवर.

करंगळी तो दाखवत नाही. पूर्ण पंजा दाखवतो, बोटं पसरून, आणि आपल्याकडं बघत नाही, दाराकडं बघतो. सगळ्यांना कळतं. मी सुरुवातीला करंगळी सुधारायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. शाळेतल्या मुलांनी तर एक दिवस बाईंना सांगितलं, बाई, अर्णवला एकी आलीय. त्यानं तेव्हा पंजा पण वर केलेला नव्हता, नुसता दाराकडं बघत होता.

परत करायचं झालं तर

पहिल्या भेटीत पहिला प्रश्न शीचा. किती दिवसांनी, कशी, डाग पडतात का, लपून करतो का. यात दोन महिने वाचले असते आणि जुलैमधला तो मार पण.

पावसाळ्यात सुरुवात करणार नाही. हे शास्त्र नाही, पण चड्ड्या वाळल्या पाहिजेत हे ज्यानं धुतलंय त्याला कळतं. आमच्याकडं दसऱ्यानंतर किंवा मार्चमध्ये बरं.

नेटवरची चित्रं देणार नाही, घरातले फोटो काढेन, त्याच दिवशी, फोनवर. आणि सुरुवातीपासून दोन जागा घेईन, घरची मोरी आणि शेजारची किंवा शाळेची, आठवड्यातून दोनदा तरी, म्हणजे जागा बदलली की सगळं कोसळणार नाही.

एका गोष्टीबद्दल माझं अजून ठरत नाही. घरी खुर्ची दिली ते बरोबर होतं, त्याशिवाय शी झालीच नसती. पण शाळेत, एसटी स्टँडवर, नातेवाइकांकडं, शेतावर, सगळीकडं त्याला उकिडवंच बसावं लागणार आहे, आणि मोठा होईल तसं उचलून धरणं कुणालाच जमणार नाही. म्हणून फेब्रुवारीपासून अंगणात उकिडवं बसून झाकणं फिरवायचा खेळ सुरू केलाय, भिंतीला धरायला एक दोर बांधलाय, टाचा टेकाव्यात म्हणून टाचेखाली एक फळी. सुरुवातीला वीस सेकंद बसायचा, परवा मोजलं तर सव्वा मिनिट झालं, आणि धाकटी समोर उकिडवी बसून त्याला झाकणं देत होती.